सूज उतरली, मग नजर का येत नाही? ओसीटीचा आकडा आणि डायची अँजिओग्राफी

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे वडील ६२ वर्षांचे, आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेले, मधुमेह १६ वर्षांचा. उजव्या डोळ्याच्या पडद्याला मध्यभागी सूज, त्यासाठी महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं झाली. ओसीटीत, म्हणजे पडद्याची जाडी मोजणाऱ्या स्कॅनमध्ये, सूज ४६८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होती ती ३३१ वर आली. गेल्या आठवड्यात घराजवळच्या दुसऱ्या सेंटरला ओसीटी काढली तर ३५२. नजर मात्र पहिल्या दिवशी ६/३६ होती (निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं), आजही ६/३६. डॉक्टर म्हणतात, आता डाय टाकून अँजिओग्राफी करू. रक्तातलं क्रिएटिनिन १.७ आहे, म्हणजे किडनी थोडी कमजोर, त्यामुळे घरात सगळे घाबरलेत. भावाचं म्हणणं, पुण्याला नेऊन बिनडायची नवी अँजिओग्राफी करू, उगाच किडनीशी खेळ नको.

सोलापुरात गेली वीसेक वर्षं मी पडद्याचेच पेशंट बघतो, आणि हा प्रश्न थोड्याफार फरकाने आठवड्यातून एकदा तरी समोर येतो. वडिलांचा डोळा मी पाहिलेला नाही. मोतीबिंदू किती आहे, ओसीटीचं मूळ चित्र कसं आहे, डाव्या डोळ्याचं काय, हे मला माहीत नाही. त्यामुळे "करा" किंवा "करू नका" असा निकाल इथे देत नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी का सांगितली असावी, ते मला तुमच्या आकड्यांवरूनच दिसतंय.

तुम्ही किडनी, पुणे, ३५२ असे तीन-चार प्रश्न विचारलेत. त्यांच्या मुळाशी एक समज आहे: सूज म्हणजेच आजार, आणि सूज उतरली की नजर आलीच पाहिजे. तिथेच गाडी अडते.

आपल्या भागातल्या माणसाला हे उजनीच्या कालव्यावरून चटकन कळतं. कालव्याला मध्येच गळती लागली की तिथल्या रानात पाणी साचतं, पीक कुजतं. त्याच कालव्याच्या टेलला मात्र पाणी पोचतच नाही, तिथलं पीक वाळून जातं. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांचं नेमकं हेच होतं. काही ठिकाणी त्या गळतात आणि सूज येते. काही ठिकाणी त्या बंद पडतात आणि पुढच्या पेशींना रक्तच मिळत नाही. इंजेक्शन गळती कमी करतं. बंद पडलेली चारी ते पुन्हा सुरू करत नाही. आणि साधी ओसीटी तुम्हाला साचलेलं पाणी दाखवते, टेलला पाणी पोचतंय का ते दाखवत नाही.

आता ओसीटी काय करते ते जरा नीट बघू, कारण तुमचा ३५२ चा घोळ त्यातच सुटतो. डोळ्यात एक जवळजवळ न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडायचा आणि पडद्याच्या कुठल्या थरावरून तो किती उशिरा परत आला हे मोजायचं, असं त्याचं तत्त्व. सोनोग्राफीत आवाज असतो, इथे उजेड आहे, एवढाच फरक समजा. १९९१ साली हे तंत्र पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. आजची साधी मशीनसुद्धा ५ ते ७ मायक्रॉनचा फरक ओळखते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या दहाव्या भागाएवढं बारीक. एक्स-रे नाही, सुई नाही, पाच मिनिटांत काम. म्हणून तर आम्ही दर महिन्याला सांगतो.

मशीन मधल्या १ मिलिमीटर वर्तुळातली सरासरी जाडी काढते आणि कागदावर तो एक आकडा ठळक छापते. पेशंट आणि नातेवाईक तोच पकडून बसतात, अगदी शुगरच्या रिपोर्टसारखा. पण जाडी मोजायची म्हणजे वरची रेघ कुठे आणि खालची रेघ कुठे, हे ठरवावं लागतं. वरच्या रेघेबद्दल सगळ्या कंपन्यांचं एकमत आहे, खालची रेघ मात्र प्रत्येक मशीन आपापल्या जागी ओढते. मधुमेहाच्या सुजेवर अमेरिकेत जे मोठे अभ्यास झाले, त्यांत "सूज आहे" म्हणायची मर्यादासुद्धा मशीन पाहून ठरवलेली आहे. सिरस मशीनवर पुरुषांसाठी ३०५, बायकांसाठी २९०. स्पेक्ट्रॅलिसवर पुरुषांसाठी ३२०, बायकांसाठी ३०५. एकच डोळा, एकच दिवस, मशीन बदललं की १५ मायक्रॉनचा फरक तिथेच पडला. त्यात सुजलेल्या पडद्यावर त्याच मशीनने दोनदा मोजलं तरी आकडा थोडा हलतोच. साधारण १० टक्क्यांच्या आतला फरक मी बदल म्हणून धरत नाही. तुमच्या ३३१ आणि ३५२ मध्ये २१ चा फरक आहे, म्हणजे सहा-सात टक्के, तोही दोन वेगवेगळ्या सेंटरचा. सूज वाढली असं यावरून म्हणता येणार नाही. वाढली नाही असंही छातीठोक म्हणता येणार नाही. पहिल्या मशीनवर पुन्हा काढा, आणि यापुढे सेंटर बदलू नका. घराजवळ पडतं म्हणून बदलत असाल तर एकवेळ कायमचं बदला, पण दर वेळी नको.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे रोज होते. डोळा कोरडा पडला, मोतीबिंदू दाट असला किंवा पेशंटने मध्येच नजर हलवली की मशीन रेघ भलतीकडेच ओढते, आकडा चुकीचा येतो आणि तरी कागदावर तितक्याच ऐटीत छापला जातो. माझ्याकडचा टेक्निशियन स्कॅनआधी प्रत्येकाला म्हणतो, "आजोबा, दोनदा डोळे मिचकवा, आता हिरव्या फुलीकडे बघा, श्वास घ्या पण डोकं काढू नका." या एका वाक्याने चित्राचा दर्जा जेवढा सुधारतो, तेवढा महागडं मशीन आणूनही सुधारत नाही. कागदाच्या कोपऱ्यात सिग्नलचा आकडा असतो. तो अगदीच कमी असेल तर जाडीच्या आकड्यावर विसंबू नका.

म्हणून मी नातेवाईकांना सांगतो, आकडा सोडा, चित्र मागा. शक्य असेल तर पेनड्राइव्हवर सगळे स्कॅन घ्या, एक छापील पान पुरत नाही. चित्रात मला आकड्यापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, तळाशी असणारी प्रकाशग्राही पेशींची पांढरी रेघ मध्यभागी सलग आहे का, की तुटलीय. ती तुटली असेल तर सूज पूर्ण उतरली तरी नजर मर्यादितच येते. दुसरं, आतले थर वेगवेगळे ओळखू येतात का, की सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. मिसळलेले थर म्हणजे तिथे रक्तपुरवठा तुटला असण्याचा संशय. संशयच. खात्री त्यावरून होत नाही.

हे मला पुस्तकाने शिकवलं असं सांगितलं तर खोटं ठरेल. सुरुवातीच्या वर्षांतला माझा एक पेशंट, सोलापूरच्या पूर्व भागातला, हाही मागावरचाच. सूज पाचशेच्या आसपास. इंजेक्शनं दिली, तीनशेच्या खाली आली. मी खुशीत त्याला दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली, हा बघा डोंगर होता, आता सपाट झाला. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "साहेब, आकडा तुमचा सुधारला. मला अजून तुटलेला धागा दिसंना." अँजिओग्राफी तेव्हा केली. मध्यभागाचा रक्तपुरवठा जवळजवळ संपलेला होता. ती तपासणी पहिल्या इंजेक्शनच्या आधी करायला हवी होती. इंजेक्शनं तरीही दिली असती, पण काय मिळेल आणि काय मिळणार नाही ते त्याला आधी सांगितलं असतं. त्याने कर्ज काढून पैसे भरले होते, हे मला नंतर कळलं. ती चूक माझी होती, मशीनची नाही.

तुमच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली ती बहुधा याच शंकेपोटी. सूज उतरतेय, नजर हलत नाही, म्हणजे दुसरं काहीतरी आहे. तिसऱ्या इंजेक्शननंतर थांबून हा विचार करणारा डॉक्टर असेल तर मी त्याच्यावर विश्वास ठेवीन.

आता डाय. पहिला गैरसमज नावाचा. ही हृदयाची अँजिओग्राफी नाही. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालायची नसते. हाताच्या शिरेत फ्लुरेसिन नावाचा पिवळा रंग साधारण ३ ते ५ मिली देतात, दहा-पंधरा सेकंदांत तो डोळ्यात पोचतो, आणि निळ्या उजेडात तो हिरवट चमकताना पाच-दहा मिनिटं फोटो काढत राहतात. १९६१ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात नोवोटनी आणि आल्विस या वैद्यकीच्या दोन विद्यार्थ्यांनी हे पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, आणि पहिलं इंजेक्शन आल्विसने स्वतःलाच टोचून घेतलं होतं. साठ वर्षं उलटली तरी गळती आणि बंद वाहिन्या एकाच तपासणीत दाखवणारी याहून भरवशाची पद्धत आमच्याकडे नाही.

आमचं लक्ष असतं पडद्याच्या अगदी मध्यावर. तिथे निसर्गतःच अर्धा मिलिमीटरभर जागा रक्तवाहिन्यांविना असते, गोल, सुबक. मधुमेहात तिची कड कुरतडल्यासारखी होते आणि ती मोठी होत जाते. दुप्पट-तिप्पट झाली असेल तर ६/३६ चं उत्तर बहुतेक तिथेच मिळतं.

किडनीची भीती कुठून आली तेही सांगतो. सीटी स्कॅन आणि हृदयाच्या अँजिओग्राफीत आयोडीनचा डाय वापरतात, तोही बराच. किडनी आधीच कमजोर असेल तर त्याने त्रास होऊ शकतो, म्हणून फिजिशियन क्रिएटिनिन विचारतात. घरोघरी ते लक्षात राहिलं आणि "डाय म्हणजे किडनीला वाईट" असं सरसकट झालं. फ्लुरेसिनमध्ये आयोडीन नाही. तो बाहेर पडतो किडनीवाटेच, त्यामुळे कमजोर किडनीत शरीरात जास्त वेळ राहतो, पण एवढ्या मात्रेने किडनी बिघडते असं सहसा दिसत नाही. १.७ क्रिएटिनिनवर मी ही तपासणी करतो. फिजिशियनला एक फोन करून, आणि गरज वाटली तर डायची मात्रा कमी करून. डायलिसिसच्या पेशंटमध्येही ती करता येते, फक्त फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडलेल्या, हाताला सुई लावायची नाही. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी या डायसाठी थांबवावी लागत नाही.

खरा धोका दुसरीकडे आहे: ॲलर्जी. शंभरातल्या काही जणांना मिनिटभर मळमळ होते, ती आपोआप जाते. काहींच्या अंगावर पित्त उठतं. फार क्वचित, पण होते, ती मोठी रिअॅक्शन, बीपी एकदम खाली, श्वास कोंडणे. म्हणून ही तपासणी जिथे इमर्जन्सीचा ट्रे, ऑक्सिजन आणि तो वापरता येणारा माणूस आहे तिथेच करा. वडिलांना दमा असेल, पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर उठलं असेल, किंवा आधी कधी डाय दिल्यावर त्रास झाला असेल तर ते न विचारता सांगा. अलीकडे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला असेल तर थांबायचं. तुमच्या जागी मी हे प्रश्न आधी विचारले असते, किडनीचा नंतर.

राहिली पुण्याची बिनडायची अँजिओग्राफी. तिला ओसीटी-अँजिओ म्हणतात, आणि ती खरोखर सुंदर चीज आहे. मशीन एकाच जागेचे काही मिलिसेकंदांच्या अंतराने दोन-तीन स्कॅन घेतं. पडदा जागच्या जागी असतो, हलतात त्या फक्त रक्तपेशी. दोन स्कॅनमध्ये जे बदललं तिथे रक्त वाहतंय, असा हिशेब. मध्यभागाच्या बारीक वाहिन्यांची जाळी तर ती डायपेक्षा स्पष्ट दाखवते, थरागणिक वेगळी करून. "मधला रक्तपुरवठा आहे की गेला" एवढंच बघायचं असेल तर माझ्या मते आज पहिली तपासणी हीच.

पण तिच्या काही अडचणी आहेत. तिला गळती दिसत नाही, कारण गळलेलं पाणी वाहत नसतं, साचलेलं असतं. आणि ६/३६ नजरेच्या माणसाला हिरवी फुली धड दिसत नाही, त्यामुळे डोळा स्थिर राहत नाही आणि चित्रावर आडवे पट्टे येतात. पट्ट्यांची चित्रं घेऊन पुण्याहून परत आलेले लोक मी पाहिलेत. अशा वेळी लहान, ३ बाय ३ मिलिमीटरचा स्कॅन घ्यायला सांगावा, मोठ्या स्कॅनच्या मोहात पडू नये. शिवाय कडेचा पडदा त्या स्कॅनमध्ये येतच नाही, आणि मधुमेहात बंद वाहिन्या आणि त्यातून येणाऱ्या नव्या नाजूक वाहिन्या पुष्कळदा कडेलाच असतात.

म्हणून अडीचशे किलोमीटर जायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांना नेमकं काय बघायचंय त्यावर अवलंबून आहे. त्यांना सरळ विचारा: "तुम्हाला गळती बघायचीय, मधला रक्तपुरवठा बघायचाय, की कडा?" फक्त मधला रक्तपुरवठा असेल तर ओसीटी-अँजिओ पुरेल, मग ती जवळात जवळ कुठे होते ते शोधा. गळती किंवा कडा बघायच्या असतील तर डायच लागेल, आणि ती सोलापुरात होते. पुण्याला जाण्याचं एक रास्त कारण म्हणजे वाइडफिल्ड कॅमेरा. साधा कॅमेरा एका फोटोत ३० ते ५० अंश पकडतो, तो २०० अंशांपर्यंत. पण साध्या कॅमेऱ्यानेसुद्धा पेशंटला वर-खाली-बाजूला बघायला लावून बरंच दिसतं, फक्त फोटो काढणाऱ्याला चिकाटी हवी.

रिपोर्ट काय आला तर काय, हेही आधी समजून घ्या. मध्यभागाचा पुरवठा शाबूत असेल तर चांगलं. तीन इंजेक्शनांवर निकाल लावायचा नसतो, पाच-सहा होईपर्यंत सुधारणा येत राहते. पुरवठा बराच गेलेला असेल तरीही इंजेक्शनं लगेच बंद होत नाहीत, कारण सूज तशीच ठेवली तर उरलेलंही जातं. फक्त मग "मूळची नजर परत आणू" हे ध्येय सोडून "आहे ती राखू" यावर यावं लागतं, आणि किती इंजेक्शनं घ्यायची हा हिशेब घरच्यांसोबत बसून करावा लागतो. कडेला मोठा भाग बंद असेल किंवा नव्या वाहिन्या आल्या असतील तर लेझर लागेल. म्हणजे तिन्ही शक्यतांमध्ये पुढचं पाऊल वेगळं आहे. तपासणी करण्यात अर्थ आहे तो याचमुळे.

आणि मोतीबिंदू. १६ वर्षांच्या मधुमेहात ६२ व्या वर्षी तो असणारच, नजर न येण्यात त्याचाही वाटा असू शकतो. विचारून घ्या.

अधेमधे एक सांगतो, डोळ्याचा प्रश्न नाही तरी. क्रिएटिनिन १.७ म्हणजे शरीरात पाणी साठायला सुरुवात झालेली असू शकते, आणि त्याने पडद्याची सूजही वाढते. पाय सुजतात का बघा. बीपी आणि हिमोग्लोबिन तपासा. शुगरच्या गोळ्यांमध्ये पायोग्लिटाझोन असेल तर फिजिशियनला विचारा, कारण ती काहींच्या शरीरात पाणी धरून ठेवते. आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

तपासणीच्या दिवशीचं: पोट गच्च भरून जाऊ नका, पण उपाशीही नको, शुगर उतरेल. बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, चार-सहा तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं दिसत नाही, त्यामुळे वडिलांना गाडी चालवू देऊ नका. इथल्या उन्हात गॉगल किंवा निदान टोपी हवीच. त्वचा काही तास पिवळट दिसते, लघवी दीड दिवसापर्यंत गडद पिवळी-नारिंगी होते. कावीळ झाली म्हणून रात्री फोन करणारे बरेच असतात. क्रिएटिनिन किंवा इतर रक्त तपासायचं असेल तर डायच्या आधी तपासा, कारण रक्तातला रंग लॅबच्या काही मोजमापांत गडबड करतो.

शेवटी तुमच्या प्रश्नात नसलेली गोष्ट. डाव्या डोळ्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही. डाय एकदाच टोचतात, पण फोटो दोन्ही डोळ्यांचे निघतात. डाव्याचेही काढा, आणि त्याच्या कडासुद्धा घ्या असं फोटो काढणाऱ्याला आत जातानाच सांगा. मधुमेह दोन्ही डोळ्यांत असतो, आणि एकाच डोळ्यात सुया सुरू असल्या की दुसऱ्याकडे घरच्यांचं आणि कधीकधी आमचंही लक्ष राहत नाही. डाव्यात सूज सापडली आणि नजर ६/६ (म्हणजे निरोगी) किंवा त्याच्या जवळपास असली तर लगेच इंजेक्शन घ्यावंच लागतं असंही नाही. अशा डोळ्यांत थांबून लक्ष ठेवलं आणि नजर घसरली तरच सुरू केलं, तरी दोन वर्षांनी फरक पडत नाही असं अभ्यासात दिसलंय. तपासणी झाली की दोन्ही डोळ्यांचे फोटो नाव-वय झाकून इथे टाका, बघून सांगतो.